बाबांच्या गळ्यातलं कार्ड

त्या जहाजावर ज्यांनी कधीकाळी नोकरी केली होती त्यांना तिकीट नव्हतं. उलट त्यांच्या गळ्यात निळ्या फितीचं एक कार्ड घालायचे. कार्डावर जहाजाचं चित्र आणि खाली दोन रिकाम्या ओळी, एक वर्षांसाठी आणि एक विभागासाठी. काउंटरवरच्या मुलीने पेनाचं टोपण काढलं आणि बाबांना विचारलं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. बाबांनी सालं सांगितली. अकरा वर्षं.

"आणि विभाग, आजोबा?"

बाबांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते ते मला आजही ठाऊक नाही, कारण त्यांच्या आधी मीच बोलले.

"फ्लाइट डेक."

मुलीने सुबक अक्षरात ते लिहिलं, फुंकर मारली आणि उभी राहून कार्ड बाबांच्या गळ्यात घातलं. बाबांनी ते शर्टावर सरळ केलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

माझ्या मागे माझी लेक उभी होती आणि तिच्यामागे तिचे होणारे सासरे. हा सगळा घाट व्याह्यांचाच. व्याही घड्याळं दुरुस्त करतात. अर्धा दिवस एका डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे ते माणसाकडेही जरा वाकून, एक डोळा बारीक करून बघतात. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा लेक सहज बोलून गेली, की आमचे आजोबा विमानवाहू जहाजावर विमानं उतरवायचे. झालं. व्याह्यांनी हातातला कपच खाली ठेवला. हलत्या जहाजावर, एवढ्याशा पट्टीवर विमान उतरवायचं, म्हणजे केवढं टायमिंग! ते जहाज आता निवृत्त होऊन धक्क्याला कायमचं बांधलंय, त्याचं संग्रहालय झालंय, हे त्यांनीच शोधून काढलं. बाबांना तिथे मानाने न्यायचं, हे त्यांनीच ठरवलं. आमचे हे गुडघा पुढे करून घरी राहिले. विहीणबाई जहाजाचा उभा जिना बघून धक्क्यावरच चहा घेत बसल्या. शहाणी माणसं.

आता खरं सांगते. बाबा त्या जहाजावर कपडे धूत होते. डेकपासून सहा जिने खाली, खिडकी नसलेल्या खोलीत, दीड हजार माणसांचे शर्ट, चादरी, मोजे. अकरा वर्षं.

खोटं मी चौथीत असताना लिहिलं. 'माझे वडील' असा निबंध होता. माझ्या बाकावरच्या मुलीचे वडील रेल्वेचं इंजिन चालवायचे आणि ती ते दिवसातून दोनदा सांगायची. मी लिहिलं, माझे बाबा पिवळी जर्सी घालतात आणि हातांच्या खुणा करून विमानांना जहाजावर उतरवतात. पिवळ्या जर्सीचं बाबांनीच कधीतरी सांगितलं होतं. डेकवर प्रत्येक कामाचा रंग वेगळा असतो, वैमानिक फक्त पिवळ्याचं ऐकतो. बाबांना हे रंग माहीत होते, कारण ते रंग धूत होते.

निबंध बाईंना इतका आवडला, की बाबा सुट्टीवर आल्यावर त्यांना वर्गात बोलावलं. आदल्या रात्री मला ताप भरेल तर बरं असं वाटत होतं, पण ताप कधी वेळेवर येत नाही. बाबा आले. बाई म्हणाल्या, मुलांना विमान कसं उतरवतात ते दाखवा. बाबांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग फळ्याजवळचे दोन डस्टर उचलले, हात पसरले आणि अख्खा वर्ग एकामागून एक उतरवला. डावीकडे, जरा वर, सरळ, थांब. खडूची भुकटी उडत होती. इंजिनवाल्याची मुलगीसुद्धा उतरली. घरी जाताना बाबा एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं."

त्यानंतर त्यांनी ते खोटं कधी मोडलं नाही. माझ्या सासरी तेच कळलं. ह्यांना मी लग्नानंतर तेरा वर्षांनी खरं सांगितलं. हे "बरं" म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं. लेकीला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, मी राहू दिलं. आणि आता व्याह्यांसमोर ते निघालं तर लेकीच्या लग्नात खोटारड्यांचं घर म्हणून आमची ओळख होईल, ही धास्ती घेऊन मी जहाजाची शिडी चढत होते.

आत गेल्यावर कार्डाने आपलं काम सुरू केलं. विमानं ठेवायच्या त्या अवाढव्य दालनात माणसं बाबांना थांबवून कार्ड वाचत, हात मिळवत, फोटो काढत. बाबा प्रत्येकाला नमस्कार करत, आणि फोटो काढून होताच कार्ड पालथं करून ठेवत. ते फितीवर फिरून पुन्हा सुलटं व्हायचं. व्याही दोन पावलं मागे राहून मिरवणुकीत चालल्यासारखे चालत होते.

वरच्या डेकवर पोचल्यावर आम्हाला एक माहिती सांगणारा भेटला. स्वतः त्याच जहाजावर डेकवर नोकरी केलेला, सत्तरीचा, छाती अजून पुढे. त्याने बाबांचं कार्ड वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही माझे सीनियर!" त्याने बाबांचे दोन्ही हात धरले. "कुठला रंग? चीफ कोण होते तेव्हा?"

वारा जोरात होता. बाबांचं कार्ड फडफडत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चौथीच्या वर्गात बघितलं होतं तसंच. मी त्या वेळी बोलायला हवं होतं. मी पदर सावरला.

बाबा म्हणाले, "आता काही आठवत नाही हो."

हे माझे बाबा. वय वर्षं एकोणऐंशी. आमच्या इमारतीत कुणाची गॅसची टाकी कधी लागली, कुणाचं औषध कधी संपतंय, ते याच माणसाला विचारतात. त्याच दिवशी सकाळी त्यांनी लेकीला सांगितलं होतं, की तुझ्या कुडत्याचं तिसरं बटण तुझ्या दहावीच्या शर्टाचं आहे. ते आता हसून, मान जराशी हलवत उभे होते, नजर थोडी सैल सोडून. म्हाताऱ्या माणसांचं निरीक्षण त्यांनी चांगलं केलेलं असणार.

माहितीवाल्याचा चेहरा मऊ झाला. त्याने बाबांच्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्याने, शब्द सुटे सुटे करून बोलायला लागला. "काही हरकत नाही हं, आजोबा. हे बघा. ही आपली दोरी. विमान. इथे. अडकायचं." लेक माझ्या कानाशी आली. आजोबांना कधीपासून असं होतंय, तू मला बोलली का नाहीस, डॉक्टरांना दाखवलं का. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. व्याही आवाज खाली आणून म्हणाले, की असतं या वयात, उगाच प्रश्न विचारून त्यांना त्रास द्यायला नको. मग त्यांनी बाबांचा कोपर धरला. मघाशी मानाने मागे चालत होते, आता सांभाळायला बाजूने चालायला लागले.

मी एका खोट्यासाठी माझा बाप वेडा करून ठेवला होता. आणि तो निमूटपणे झाला होता.

माहितीवाल्याने आमचा गट जमवला आणि रंगांची गोष्ट सांगितली. पिवळे खुणा करणारे, हिरवे विमानं उडवायच्या यंत्रापाशी, निळे ट्रॅक्टरवर. मग म्हणाला, एक गंमत ऐका. एकदा भर समुद्रात लाँड्रीतल्या कुणा गाढवाने पिवळ्या आणि निळ्या जर्स्या एकत्र धुतल्या. सकाळी पिवळे डेकवर आले ते हिरवे होऊन! खुणा कोणाच्या पाळायच्या वैमानिकांना कळेना. अर्धा दिवस उड्डाणं बंद. कॅप्टन असा लाल झाला होता, की डेकवर तेवढाच एक रंग पक्का राहिला.

सगळे खो खो हसले. व्याही हसले, लेकही डोळे पुसून हसली. बाबा तर सगळ्यांत जास्त हसले, खोकला येईपर्यंत. मला तेव्हा बरंच वाटलं, की चला, विषय बदलला.

मग आम्ही खाली निघालो. जहाजाचे जिने शिडीसारखे उभे असतात, उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवावं लागतं. लेक बाबांच्या पायांवर लक्ष ठेवून त्यांना सांगत होती, आजोबा, आता डावा, आता उजवा. बाबा मुद्दाम हळू उतरत होते हे मला दिसत होतं. एका वळणावर मात्र ते विसरले. आम्ही सगळे वाट दाखवणाऱ्या बाणाकडे बघत राहिलो आणि ते न बघताच उजवीकडे वळले, डोकं बरोबर तेवढंच खाली घालून एका पाइपाखालून गेले. पाइप माझ्या कपाळाला लागला.

ती लाँड्री होती.

खोली माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती. दोन मोठी गोल यंत्रं, वाफेची प्रेस, छतावर पाइपच पाइप. समोर दोरी लावलेली. दोरीपलीकडे बनियन घातलेला एक पुतळा प्रेसच्या दांड्याला हात लावून उभा, आणि त्याच्या पायांशी कपड्यांनी भरलेली जाळीची पिशवी. भिंतीवरच्या पाटीवर दोनच ओळी होत्या. वरच्या डेकवर विमान अडवणाऱ्या प्रत्येक दोरीसाठी एक पाटी होती.

माहितीवाल्याने सांगितलं, इथे गर्मी इतकी असायची की माणसं मिठाच्या गोळ्या खाऊन काम करायची. व्याह्यांनी एक डोळा बारीक करून सगळीकडे बघितलं आणि हळहळून म्हणाले, "बिचाऱ्यांना समुद्र तरी दिसत असेल का? माणूस घरी जाऊन सांगणार काय, मी जहाजावर होतो, पण मोजे धूत होतो?"

वाईट मनाने नव्हते म्हणाले. मीच चौथीत हे म्हणाले होते, त्यांनी फक्त जरा उशिरा म्हटलं.

बाबा पुढे झाले होते. ते दोरीवरून वाकले, पुतळ्याच्या पायांशी असलेली जाळीची पिशवी ओढली आणि तिच्या तोंडाला लावलेली मोठी पिन काढली. पिशवीचं तोंड पिळलं, दुमडून खाली घेतलं आणि दोन्ही घड्यांतून पिन आरपार घातली. हे सगळं एका दमात. त्यांच्या बोटांना सांधेदुखी आहे, घरी त्यांना डबीचं झाकण उघडत नाही.

"आजोबा! हात नाही लावायचा हं," माहितीवाला त्या सुट्या सुट्या आवाजात म्हणाला. "ते. आपलं. नाही."

लेकीने पटकन बाबांचा हात धरून मागे घेतला आणि त्याची माफी मागितली. म्हणाली, त्यांना हल्ली कळत नाही. बाबांनी हात धरू दिला. नजर पुन्हा सैल सोडली, मान हलवायला सुरुवात केली. 

"ते त्यांचंच आहे," मी म्हणाले.

कुणाला समजलं नाही. मला पुन्हा बोलावं लागलं. एकदाच बोलून सुटता आलं असतं तर बरं झालं असतं.

"बाबा इथे होते. या खोलीत. अकरा वर्षं कपडे धुतले त्यांनी. डेकवर नव्हते, कधीच नव्हते. ते मी शाळेत लिहिलं होतं, आणि आज काउंटरवर कार्डासाठीही मीच सांगितलं. त्यांना सगळं आठवतं. माझ्यासाठी विसरलेत ते."

वर पंख्याचा आवाज येत होता. माझ्या कपाळावर पाइपाचं टेंगूळ आलं होतं, त्यावर मी हात ठेवून उभी होते. लेक माझ्याकडे बघत होती. ती लहान असताना तिने पट्टीवर मित्राचं नाव खोडून स्वतःचं घातलं होतं, तेव्हा मी तिच्याशी दिवसभर बोलले नव्हते. खोटं बोलणाऱ्या माणसावर कसा विश्वास ठेवायचा, असं रात्री विचारलं होतं. तिला ते आठवत असणार. आमच्या घरात सगळ्यांचीच स्मरणशक्ती चांगली आहे.

बाबांनी मान हलवणं थांबवलं. नजर जागेवर आली. मला रागावतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "कशाला गं? चाललं होतं की." त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी निराशाच होती. इतकी वर्षं जपून ठेवलेला कप धुताना माझ्याच हातून फुटला असावा, अशी.

मग ते माहितीवाल्याकडे वळले. "पिन नुसती वरून लावली तर मशीनमध्ये उघडते. कपडे फाटतात, हात लागला तर हात फाटतो. त्या पोराला सांगा," आणि त्यांनी पुतळ्याकडे बोट केलं.

माहितीवाला बघतच राहिला. बाबा पुढे म्हणाले, "त्या पिवळ्या जर्स्यांचं सांगत होतात ना. त्या दिवशी समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र बिघडलं होतं. लाँड्रीला एकाच फेरीचं पाणी मिळालं. पिवळे धुवावेत तर निळे घामट राहतात, निळे धुवावेत तर पिवळे. आठ दिवस तेच घालून काम करत होते सगळे, अंगाला पुरळ आलं होतं. म्हटलं, रंग गेला तर गेला. गाढव मीच तो."

"तुम्ही?" माहितीवाल्याची छाती जरा आत गेली. "मी... आम्ही ते गमतीने..."

"चौदा दिवस जहाज सोडायचं नाही, अशी शिक्षा झाली. त्या खेपेची सुट्टी गेली." बाबा हे त्याला सांगत होते, पण ती खेप मला माहीत होती. आमच्या शाळेचं गॅदरिंग होतं. बाबा आले नाहीत म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं, की या वेळी विमानं फार होती.

 माहितीवाला खाली बघत म्हणाला, की मीही त्या पिवळ्यांतलाच होतो. बाबांचा चेहरा एकदम उत्सुक झाला. त्यांनी विचारलं, "नंबर काय होता तुमचा?"

माहितीवाल्याने नोकरीचा लांबलचक नंबर सांगितला.

"तो नाही हो. कपड्यांचा. कॉलरच्या आत लिहिलेला असायचा तो."

तो नंबर त्याला आठवेना. कपाळ चोळलं, बोटं मोजली, तीन आकडी होता एवढंच निघालं. बाबांनी चुटपुट लागल्यासारखं 'च्च' केलं. त्यांना चेहरे माहीत नव्हते. चेहरे वर असायचे. त्यांना माहीत होतं ते असं, की एकशे सत्तर सिगारेटने खिसे जाळतो, तीनशे आठच्या खिशात नेहमी न पाठवलेली पत्रं असतात, दोनशे बावीसची आई गेली तेव्हा त्याच्या उशीचा अभ्रा चार दिवस ओला होता. नंबर असता तर हा समोरचा माणूस त्यांना आतून-बाहेरून सांगता आला असता. नंबर नव्हता. दोघे हात हातात घेऊन उभे राहिले, ओळख लागली नाही.

व्याही एका उलट्या पेटीवर बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते. मी त्यांची क्षमा मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच पुढे वाकले, एक डोळा बारीक केला आणि बाबांना विचारलं, "मोजे... मोजे वेगळे धुवायचे का हो?"

"अर्थात," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यापाशी बसले.

व्याह्यांचा माझ्यावर राग नव्हता. वर चढताना ते मला म्हणाले, की ताई, माझे वडील घरोघर जाऊन कात्र्यांना धार लावायचे, मी लोकांना सांगतो त्यांचं हत्यारांचं दुकान होतं. हे सांगून त्यांनी मला हलकं करायचा प्रयत्न केला. मी हलकी झाले नाही. त्यांचे वडील वारले होते. त्यांना त्या दुकानात कुणी ढकलून उभं केलं नव्हतं.

बाहेर पडताना मी काउंटरवर गेले आणि दुसरं कार्ड मागितलं. मुलगी म्हणाली, मिळणार नाही, माणशी एकच, लोक उगाच दोन-दोन नेतात. मग मी तिचं पेन मागितलं.

मी शाळेच्या ऑफिसात आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या दाखल्यांमधल्या चुका दुरुस्त करतेय, जन्मतारखा, आडनावं, बापांची नावं. आमचा नियम आहे, चूक खरवडायची नाही, गिरवून काळी करायची नाही. तिच्यावरून एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता येतं. वर बरोबर ते लिहायचं आणि बाजूला दुरुस्ती करणाऱ्याने सही करायची. मी बाबांच्या छातीवरचं कार्ड एका हाताने धरलं आणि 'फ्लाइट डेक'वरून रेघ ओढली. वर लिहिलं, लाँड्री. बाजूला माझी सही केली. सही जरा बिघडली.

बाबांनी चष्मा लावून कार्ड वाचलं, जरा लांब धरून पुन्हा वाचलं.

"तारीख राहिली," ते म्हणाले.

मी तारीख घातली. आजची. चूक कितीही जुनी असली तरी तारीख दुरुस्तीच्या दिवसाची घालतात.

परतीच्या बसमध्ये लेक बाबांच्या शेजारी बसली, माझ्या नाही. पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून कार्ड वाचलं, दोन्ही ओळी, आणि बाबांना विचारलं, की मग नक्की कुठे होता तुम्ही. बाबांनी सांगितलं. मग खळ किती पातळ करायची, समुद्राच्या हवेत कॉलर का बसते, हे त्यांनी चार थांबे पुरेल इतकं सांगितलं. लेक मधूनमधून विचारत होती, नेहमीच्या आवाजात, भरभर. व्याही मागून कान देऊन ऐकत होते आणि विहीणबाईंना पुन्हा समजावून सांगत होते. मी खिडकीपाशी होते. माझ्याशी कुणी भांडलं नाही. भांडलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.

आमचा थांबा आला. लेक उठली, बाबांना हात द्यायला गेली. त्यांना हाताची गरज नव्हती, ते आधीच उभे होते. मग ती माझ्याकडे वळली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि मोठ्याने, शब्द सुटे सुटे करत म्हणाली, "आई. आपल्याला. इथे. उतरायचंय. आठवतंय ना?"

बाबा हसले, या वेळी खरं. पुढच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे कणवेने बघत होत्या.

"आठवतंय," मी म्हणाले, आणि उतरले.